तिसरा मार्गशीर्ष

वर्षातला एक अख्खा महिना गळून पडला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गावात मार्गशीर्ष आला नाय म्हणजे नाय. दिवाळी झाली, कार्तिक झाला, आणि त्याच्या पाठोपाठ थेट पौष येऊन दारात उभा राहिला. मी काळुराम. आज माझं वय पंच्याऐंशीच्या आसपास कुठंतरी हाय, नीट कुणालाच ठाऊक नाय. पण त्या न आलेल्या महिन्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेला नाय.

पहिलं घरचं सांगतो, नायतर घोडं कुठं पेंड खातंय ते तुम्हाला कळायचं नाय. पेणहून खाडीकडं उतरलं की आमचं गाव लागतं. एका अंगाला भाताची खारजमीन, दुसऱ्या अंगाला मिठागर, आम्ही त्याला नुसतं आगर म्हणायचो. गावात घड्याळ एकच, मिठागराचा मुनीम पोपटभाई याच्या मनगटावर, आणि तेही आम्ही कामावर उशिरा आलो तरच चालायचं. आमचं घड्याळ म्हणजे खाडी. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ, पुनवेला नि अवसेला भर दुपारी. तिथी कळली की पाणी कळलं, पाणी कळलं की दिवस कळला. बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी उघडायची, मचवा कधी सोडायचा, सोयरे कधी बोलवायचे, सगळं तिथीवर. वर्षं तर आम्ही आकड्यांनी मोजतच नव्हतो. बांध फुटला ते वर्ष, गोवा घेतला ते वर्ष, असं. मी पटकीच्या साथीत जन्मलो, एवढंच आई सांगायची. कुठली साथ, ते तिलाही आठवत नव्हतं.

गोवा घेतला त्याच्या आदल्या वर्षी माझा थोरला भाऊ जगन गेला. गेला म्हणजे काय, तिथंच तर सगळा घोळ. मीठ भरून मचवा मुंबईला निघाला होता, ऐन मार्गशीर्षात, दत्तजयंती तोंडावर आलेली. रेवसच्या पुढं तळाची फळी सुटली. पाणी आत आलं, मीठ भिजलं, मचवा धोंड्यासारखा बसला. मचवा हाकणारा तांडेल पोहत परत आला. दुसऱ्या खलाशाचं प्रेत मिळालं. जगन मिळाला नाय. तांडेलाला विचारलं की तो एवढंच सांगायचा, "बाजूला होता, मग नव्हता."

जगनची बायको सगुणा, माझी वैनी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मूलबाळ नाय. तिनं बांगड्या फोडायला साफ नकार दिला. "प्रेत दाखवा, मग फोडते," म्हणाली. आमची आई, धोंडुबाई, तिला काय बोलणार? तिच्या स्वतःच्या तोंडून तरी "जगन मेला" असं कुठं निघत होतं?

शेवटी गावकी बसली. गावकीचा म्होरक्या गुणाजी पाटील, आवाजानं मोठा पण मनानं वाईट नव्हता. देवळापुढच्या पारावर बसून त्यानं निवाडा दिला. "तीन मार्गशीर्ष वाट बघायची. तिसरा सरला, की त्याच्या अवसेला जगनचा पुतळा जाळायचा." ज्याचं शरीर मिळत नाय त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, तो हा पुतळा. "मग सगुणानं बांगड्या फोडायच्या, आणि काळुरामाशी पाट लावायचा." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. थोरला गेला तर धाकट्या दिराशी, म्हणजे घरची सून घरात राहते. वैनी खाली मान घालून "व्हय" म्हणाली.

मी गप्प होतो, पण खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. भाऊ असताना मी कधी डोळा वर करून बघितलं नव्हतं, देवाशपथ. त्या निवाड्यानंतर मात्र बघायला लागलो. विहिरीवरून हंडा आणताना, चुलीपुढं बसताना, आगरात मीठ ओढताना. आणि बघितलं की स्वतःलाच चार शिव्या घालायचो, कारण बघायचं म्हणजे भावाच्या मरणाची वाट बघायची. बारा महिने तेरा काळ डोक्यात हाच धंदा.

पहिला मार्गशीर्ष गेला. दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि मी मनाशी म्हणालो, आता एक कार्तिक सरला की तिसरा मार्गशीर्ष लागलाच. तर त्या वर्षी नेमका कार्तिकच दोनदा! आधी धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक, आणि मग खरा कार्तिक. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं म्हणून मी दात खाल्ले आणि तोही काढला. दुसरा कार्तिक सरत आला तसा गुणाजी म्हणाला, "चल रे काळ्या, पेणला जाऊ. भटजींकडनं पुतळ्याची तिथी काढून आणू."

दत्तात्रेय भटजी पेणला एका माडीवर राहायचे, खाली गणपतीचा कारखाना. आम्ही जिना चढून वर गेलो. भटजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, थांबले, आणि चष्मा काढून पुसला.

"गुणाजी, या वर्षी मार्गशीर्ष नाही."

"नाय म्हंजे?"

"क्षयमास आहे. कार्तिकानंतर पौष."

गुणाजीनं आधी भटजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भटजी, महिना काय कोंबडी हाय, मुंगसानं नेली म्हणायला?"

भटजी हसले नायत. "अरे, माझ्या वडिलांनी पाहिला नाही, आजोबांनी पाहिला नाही. त्यांच्याही आधी कधीतरी झाला होता. नीट ऐका. चंद्र आणि सूर्य हे एका जोखडाला जुंपलेले दोन बैल आहेत. चंद्राची चाल तोकडी, त्याचं वर्ष सूर्याच्या वर्षाआधीच संपतं. म्हणून तीनेक वर्षांनी आपण मध्ये एक धोंड्याचा महिना घालतो आणि दोघांना बरोबरीला आणतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्य एक रास ओलांडतो. एकही ओलांडली नाही, तर तो महिना अधिक. पण थंडीत सूर्याची चाल वाढते. या खेपेला एकाच महिन्यात तो दोन राशी ओलांडतोय. एका महिन्यावर दोन नावं आली. त्यातलं एक गळलं."

"मग असलं लफडं ठेवायचंच कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"न ठेवणारेही आहेत," भटजी म्हणाले. "मुसलमानांनी सूर्याचा नाद सोडला, म्हणून त्यांचा रमजान पावसाळ्यातही येतो आणि उन्हाळ्यातही. इंग्रजांनी चंद्राचा नाद सोडला, म्हणून त्यांच्या तारखेवरून तुम्हाला भरती कळत नाही. आता दिल्लीच्या सरकारनं नवं पंचांग काढलंय, रेडिओवर सांगतात. त्यात महिना कधी हरवायचा नाही, पण चंद्र त्यातही नाही. आपण मात्र दोघांना धरून बसलो. दोघांना सांभाळायचं म्हटलं की कधीतरी पदरचं काही जायचंच."

"ते सगळं खरं, पण आमच्या पुतळ्याचं काय?" गुणाजीनं विचारलं.

"शास्त्राप्रमाणे हा जोडमास. त्यातल्या प्रत्येक तिथीचा पहिला अर्धा भाग मार्गशीर्षाचा, उरलेला पौषाचा."

"म्हंजे सकाळी वाट बघायची नि दुपारी रडायचं?" गुणाजी म्हणाला, आणि आम्ही जिना उतरलो.

गावात बातमी पसरली तशी बायका दारात आल्या. कुणी म्हणालं, सरकारनं काढून घेतला असेल. कुणी म्हणालं, भटजींना म्हातारचळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पारावर गोळा झालं. गुणाजीनं भटजींचं म्हणणं सांगितलं आणि विचारलं, "आता जगनचं कसं करायचं?"

मग जो तो शहाणा. पोपटभाई मुनीम म्हणाला, मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर, माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात डिसेंबर धडधडीत हाय, एकतीस तारखेला उरकून टाका. एक म्हातारा म्हणाला, नावं सोडा, अवसा मोजा. बारा अवसांचं वर्ष, त्या हिशेबानं मुदत आताच भरली. दुसरा म्हणाला, मग धोंड्याची अवस धरायची का सोडायची? त्यावर दोघांची जुंपली. आई म्हणाली, "मला मेलीला ते चांदसूर्य काय करायचे? एकदाचं काय ते करा. माझ्या घरात पाळणा हलू दे." मी एका कडेला उभा होतो. मला म्हाताऱ्याचा हिशेब पटत होता. कुठलाही लवकरचा हिशेब मला पटला असता.

बायका मागं उभ्या होत्या, त्यातून वैनी पुढं आली. गावकीत बाईनं पुढं येऊन बोलायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती गुणाजीपुढं उभी राहिली.

"पाटील, तुम्ही देवळापुढं शब्द दिलात. तीन मार्गशीर्ष. मी कबूल झाले. दोन भरले. तिसरा कुठाय, दाखवा."

गुणाजी म्हणाला, "पोरी, तो आलाच नाय."

"मग माझी मुदत पण आली नाय. आकाशातनं महिना गळला, त्यात माझा काय गुन्हा? तो आला की मी बांगड्या फोडीन, शब्द फिरवणार नाय. पण जो महिना आलाच नाय, त्यात मी माझा नवरा जाळणार नाय."

पोपटभाईनं पुन्हा कॅलेंडरचं काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुणाजी दाढी खाजवत म्हणाला, "लाख बोललीस गो. शब्द तारखेचा दिला नव्हता, मार्गशीर्षाचा दिला होता. पुढच्या वर्षी येईल तोच तिसरा."

झालं! एक महिना गेला आणि माझं वर्ष गेलं. मी बांधावर जाऊन चंद्राला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, दिवसाढवळ्या, तो आकाशात नसताना. वैनीवरही चिडलो. दोन-तीन दिवस तिच्या हातचं जेवलो नाय, मग भूक लागली तसा जेवलो.

पण ते वर्ष वेगळं निघालं. आगराचं काम लागलं, आम्ही शेजारी शेजारी मीठ ओढायचो. तीन वर्षं तिनं जगनचं नाव घरात काढलं नव्हतं. आता काढायला लागली. तो झोपेत कसा घोरायचा, पहिल्यांदा माहेरी न्यायला आला तेव्हा कसा चिखलात घसरला, सासऱ्यापुढं कसा लाजला. सांगताना हसायची, हसता हसता डोळे पुसायची आणि पुन्हा कामाला लागायची. माणूस मेल्यावर बाकीचे जे पहिल्या महिन्यात करतात, ते ती आता करत होती. तिच्या मानेवर मुदत होती तोवर तिला रडायलाही सवड नव्हती, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

त्या वर्षी फाल्गुनानंतर चैत्रही दोनदा आला. गेलेला महिना मागच्या दारानं परत आला, नाव तेवढं बदललं. त्या पहिल्या चैत्रात एका सकाळी आगरात आम्ही दोघंच होतो. मी फावडं टेकवलं आणि विचारलं, "वैनी, गावकीचं सोड, आईचं सोड. तुझ्या मनात काय हाय?"

तिनंही फावडं खाली ठेवलं. "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं, भावजी."

"मग सांग."

"आत्ता नाय. ह्यांचं अजून पुरं झालं नाय. मार्गशीर्षात सांगीन. तुम्हालाच सांगीन."

काय सांगू तुम्हाला! मी उडायचाच बाकी राहिलो. नाय म्हणायचं असतं तर तिथंच म्हणाली असती, असं मी धरून चाललो. नेहरू गेले तेव्हा मिठागर बंद ठेवलं, मी घरी बसून कुडाची भिंत सारवली. पावसात छपराची कौलं परतली. भात कापलं. आणि दिवाळी झाल्यावर एकटाच पेणला जाऊन भटजींना विचारून आलो, "येतोय ना या वर्षी?"

"येतोय," भटजी म्हणाले. "पुरा येतोय."

आणि तो आला. थंडी पडली, पुनव झाली, दत्तजयंती झाली, चंद्र झिजत गेला. मी आयुष्यात कधी चंद्राकडं एवढं बघितलं नव्हतं. अवसेच्या सकाळी गाव बांधावर जमलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला होता, त्यावर जगनचा जुना सदरा घातला होता. भटजींनी मंत्र म्हटले, अग्नी मी दिला. आईला दोघींनी धरलं होतं. पान हिरवं असलं की धूर फार होतो, सगळ्यांचे डोळे पाण्यानं भरले, त्यामुळं कोण रडतंय ते कळत नव्हतं. दुपारी भरती लागली तशी राख खाडीत सोडली. वैनी उघाडीच्या दगडापाशी गेली आणि स्वतःच्या हातानं बांगड्या फोडल्या. कुणाला हात लावू दिला नाय.

परत निघताना गुणाजी म्हणाला, "पोरीनं शब्द पाळला. आता पौष जाऊ दे. माघात काळुरामाशी पाट लावू."

वैनी थांबली, म्हणून सगळेच थांबले.

"पाटील, मी बांगड्या फोडायचा शब्द पाळला. पाटाला त्या वेळी व्हय म्हणाले, कारण तुम्ही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. विचारलं एकट्या काळू भावजींनी. म्हणून त्यांना उत्तर देते." मग ती माझ्याकडं वळली.

"भावजी, तुमच्यासारखा माणूस मला मिळायचा नाय, हे मला ठाऊक हाय. पण तुमची चाल ह्यांची हाय. अंगणात पाय वाजले की मला वाटतं, आले. मग दारात तुमचं तोंड दिसतं. रोज एकदा ते घरी येतात आणि रोज एकदा बुडतात. चार वर्षं मी हे काढलं. आज त्यांना जाळलं. आता पुन्हा रोज बुडवू नका मला."

आई बांधावर मटकन खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मला बी तसंच व्हतं रे, काळ्या." गुणाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, "आता हिला कुणी काय बोलायचं नाय. घर तिचं, आगरातला वाटा तिचा."

मला काय वाटलं ते सांगतो, हसू नका. एवढा बाप्या माणूस मी, पण त्या बांधावर उभा राहून मनात विचार करत होतो की पाऊल जरा वेगळं टाकता येईल का. टाच आधी टेकवली तर? जरा हळू चाललो तर? तोंडापर्यंत आलं होतं, वैनी, मी चाल बदलतो. सुदैवानं बोललो नाय.

चार दिवसांनी मी नागोठण्याला मामाकडं राहायला निघालो. आईला सांगितलं, तिकडं काम मिळालंय. काम मिळायला पुढं दोन महिने गेले. निघालो तेव्हा वैनी आत चुलीपाशी होती. मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता अंगणातून बाहेर पडलो.